दहाव्याचं कापड

आणीबाणी उठून फार दिवस झाले नव्हते आणि गावाला सभा भरवण्याची हौस नव्याने आली होती. दर आठवड्याला कुणाचा तरी सत्कार असे किंवा कशाचं तरी उद्घाटन. त्या हवेत आमच्या कलामंडळानेही ठरवलं की चित्रांचं प्रदर्शन भरवायचं, आणि तेही उघड्यावर, गंगेच्या काठी. नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात. ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हणणारा माणूस दहा मिनिटांत परत येतो.

कलामंडळात चित्रं काढणारी माणसं फारशी नव्हती. अध्यक्ष वकील होते. त्यांच्या दिवाणखान्यात एक मोठं तैलचित्र होतं, ते त्यांच्या वडिलांचं, आणि कलेशी त्यांचा संबंध एवढाच होता. मी एका कचेरीत कारकून होतो. अक्षर चांगलं या एकाच गुणावर मला मंडळाचं चिटणीस केलं होतं. बैठकीत काय झालं हे लिहून ठेवणं माझ्याकडे. खरं तर बैठकीत काय झालं असं अध्यक्षांना वाटे, ते मी लिहीत असे.

ज्यांची चित्रं लावायची होती ते शाळेतले ड्रॉइंगचे मास्तर. मंडळाचे ते साधे सभासद. एप्रिलमध्ये निवृत्त होऊन मुलाकडे नागपूरला कायमचे जाणार होते. तीस वर्षं दर रविवारी सकाळी ते घडीचं स्टूल घेऊन घाटावर बसत आणि जलरंगात पायऱ्या काढत. देवळं, सूर्योदय, नौका यांत त्यांना रस नव्हता. पायऱ्या आणि पाणी, बस्स. पूर्वी दोनदा त्यांना वाचनालयाच्या सभागृहात प्रदर्शन भरवा म्हणून सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा त्यांनी नाही म्हटलं होतं, कारण तिथे ट्यूबलाइट होत्या. लोक म्हणाले, मास्तर तऱ्हेवाईक आहेत.

एकदा मी त्यांना सरळच विचारलं होतं की ट्यूबलाइटने असं काय बिघडतं. तेव्हा ते म्हणाले, “ओल्या दगडाचा राखी रंग वेगळा आणि कोरड्या दगडाचा वेगळा. तीस वर्षं मी तेवढंच करतोय. ट्यूबखाली दोन्ही सारखे दिसतात.” आणि पुढे म्हणाले, “जायच्या आधी एका तरी माणसाला तो फरक दिसावा. न सांगता.”

मला स्वतःला तो दिसत नव्हता. मी मान हलवली.

तर उघड्यावरच्या प्रदर्शनाला मास्तरांनी होकार दिला, आणि मंडप निवडायचं काम समितीकडे आलं. बैठकीच्या आदल्या दिवशी मास्तरांनी मला वहीच्या कागदाची एक चिठ्ठी दिली. तिच्यात दोनच ओळी होत्या. छत पांढऱ्या कापडाचं असावं, रंगीत अजिबात नको. मंडपाची उघडी बाजू उत्तरेला ठेवावी, तिकडून थेट ऊन येत नाही. “बैठकीत वाचून दाखवा,” म्हणाले. ते स्वतः येणार नव्हते. शाळेत परीक्षा होत्या.

बैठकीत पाऊण तास उद्घाटक कोण यावर गेला आणि अर्धा तास कमानीवर. कमान मोठी हवी यावर एकमत होतं. मंडपापेक्षा मोठी कशी दिसेल, अशी शंका मी काढली, तेव्हा अध्यक्ष म्हणाले की माणूस आधी कमान बघतो. मंडपाचं तोंड रस्त्याकडे असावं हेही ठरलं, म्हणजे कमान रस्त्यावरून दिसेल. रस्ता दक्षिणेला होता. चिठ्ठी माझ्या खिशात होती. अध्यक्षांचा सूर चांगला लागला होता, तो मोडवेना. शिवाय मला वाटलं, कापड बघायला गेल्यावर सांगू. खिशातल्या चिठ्ठ्यांचं बहुधा असंच होतं.

मांडववाला पंचवटीत राहत होता. भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं गोडाऊन. आम्ही चौघे कचेऱ्या सुटल्यावर गेलो, म्हणजे दिवेलागण झालेली. आत एक पिवळा बल्ब लोंबत होता आणि त्याच्या उजेडात कापडाच्या गठड्या छतापर्यंत रचलेल्या. मांडववाल्याने एकेक गठडी सोडली. समितीतल्या मंडळींनी कापड बोटांनी चोळून पाहिलं, काठ ताणून पाहिला, एकाने तर नाकाजवळ नेलं. लग्नाचा बस्ता बांधायला गेल्यावर आपण जे जे करतो ते सगळं झालं. ते वर बांधून त्याच्याखाली उभं राहिल्यावर काय दिसेल, हे कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्या आलं असतं तर बरं. चिठ्ठी मी वाचलेली होती.

“हे घ्या साहेब,” मांडववाला केशरी गठडी थोपटत म्हणाला. “वणीच्या यात्रेत हप्ताभर उन्हात होतं. रंग नाय हलला.”

अध्यक्षांना केशरी आवडलं. त्याला गुलाबी झालर होती. आता मात्र मी खाकरून विचारलं, पांढरं काही आहे का.

“हाय ना. लय हाय,” मांडववाला म्हणाला, आणि कोपऱ्यातल्या घडीकडे हात केला. “पण ते दहाव्याला जातं.”

ज्यांना नाशिक ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. रामकुंडावर दहाव्याचे विधी करायला गावोगावची माणसं येतात. नातेवाइकांना सावलीत बसवायला कुणी मांडव घातला तर तो पांढरा. गावात पांढरं छत दिसलं की माणूस आपोआप आवाज खाली घेतो.

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. “मी पांढऱ्या कापडाखाली नारळ फोडणार नाही,” ते म्हणाले.

विषय संपला. मी चिठ्ठी काढली नाही. घरी येऊन नेहमीच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं : ‘केशरी छत, गुलाबी झालर, सर्वानुमते.’

शनिवारी सकाळी उद्घाटन होतं, म्हणून शुक्रवारी मांडव घातला. जागा घाटापासून जरा लांब, काठावरच्या मोकळ्या मैदानात. मांडववाल्याच्या दोन माणसांनी मेखा ठोकायला घेतल्या आणि वीतभर खाली गेल्यावर खणखण आवाज आला. खाली सगळा काळा पाषाण. तीन मेखा वाकल्यावर मांडववाल्याने त्यांना थांबवलं, नदीची वाळू पोत्यांत भरायला लावली आणि बांबूंचे ताण त्या पोत्यांना बांधले. त्याने मला एक गोष्टही शिकवली : नदीवरच्या वाऱ्यात छत तंबोऱ्यासारखं ताणायचं नाही, जरा पोट सोडायचं. ताणलेलं फाटतं, सैल नाचतं. माणूस शहाणा होता. कमान बघून मात्र तो हसला. कमान मंडपापेक्षा चार हात उंच झाली होती आणि वाऱ्याचा अर्धा भार तिनेच घेतला होता. तिला एकटीला सहा पोती लागली.

“सेक्रेटरीसाहेब,” तो म्हणाला, “मंडप पडला तरी स्वागत उभं राहील.”

चित्रं संध्याकाळी टांगली. सूर्य कलला होता, छताखाली अंधारच होता, कुणाला काही कळलं नाही. मास्तर शाळेतून आले, वर पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हणालो, समितीचा निर्णय. बत्तीस चित्रांच्या चौकटी त्यांनी एकट्याने सरळ केल्या.

शनिवारी दहा वाजता ऊन छतावर आलं आणि खाली सगळं केशरी झालं. अध्यक्षांचा पांढरा सदरा केशरी, नारळ केशरी, पाहुण्यांसाठी आणलेले पेढे केशरी. चित्रांच्या काचांत गुलाबी झालर हलत होती. पायऱ्यांचे दगड, ओले काय आणि कोरडे काय, मिठाईसारखे दिसत होते. मी एका चित्रासमोर उभा राहिलो. आधी मला जो फरक दिसत नव्हता तो आता नव्हताच. यात माझा काही फायदा झाला असं म्हणता येणार नाही.

उद्घाटक एक मोठे सरकारी अधिकारी होते. फीत कापून ते मास्तरांबरोबर सावकाश फिरले. माणूस सज्जन असावा, कारण तो खरोखर चित्रांकडे बघत होता. शेवटी मास्तरांचा हात हातात घेऊन म्हणाले, “संध्याकाळ काय पकडलीत. प्रत्येक चित्रात सूर्यास्त आहे.”

“सकाळची आहेत,” मास्तर म्हणाले.

साहेबांनी हसून मान डोलावली. कलावंत असंच बोलतात, अशी त्यांची समजूत असावी. मग अध्यक्षांचं भाषण झालं. त्यात गोदामाई, संस्कृती आणि कलेचा ऊबदार प्रकाश हे शब्द आले. शेवटच्या शब्दांना आधार होता. फोटो निघाले, पेढे संपले, आणि बारा वाजेपर्यंत मैदानात कमान, मी आणि मास्तर एवढेच उरलो.

मी कचेरीत तोंड दाखवून तीनच्या सुमाराला परत आलो तेव्हा मास्तर चित्रं उतरवत होते. आठ उतरवून झाली होती. एकेक वर्तमानपत्रात गुंडाळून ते भिंतीसारखी रचत होते.

प्रदर्शन उद्याही आहे, मी म्हणालो.

“उद्या नको,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. “लोक म्हणतील, हा माणूस तीस वर्षं गुलाबी दगड काढत होता. त्यापेक्षा न दाखवता गेलेलं बरं.” मग वर न बघता त्यांनी विचारलं, “चिठ्ठी वाचली होतीत ना बैठकीत?”

या प्रश्नाचं उत्तर मी पुष्कळ वर्षं वेगवेगळ्या शब्दांत तयार केलं आहे. त्या वेळी मी फक्त नाही म्हणालो. त्यांनी नववं चित्र गुंडाळायला घेतलं. ते मी त्यांच्या हातातून घेतलं, पुन्हा खिळ्याला अडकवलं, आणि उद्या सकाळपर्यंत थांबा असं सांगून सायकलवर बसलो.

मांडववाला गोडाऊनच्या दारात चहा पीत बसला होता. मी म्हणालो, केशरी काढायचं आणि पांढरं घालायचं, उजाडता उजाडता. त्याने बशी खाली ठेवली.

“अध्यक्ष बोलले?”

“समितीने ठराव केलाय.”

“कधी?”

“मी घरी जाऊन लिहितो,” मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे जरा नव्याने पाहिलं. मग म्हणाला, “मागल्याच हप्त्यात धुऊन आणलंय. नीळ न घालता. मास्तरांना निळीची झाक बी चालायची नाय, काय?” शाळेत तोही मास्तरांच्या हाताखाली होता हे मला तेव्हा कळलं. ड्रॉइंगमध्ये नापास झालो होतो, असं तो अभिमानाने म्हणाला. मास्तर सगळ्यांना पास करत. नापास व्हायला काहीतरी खास करावं लागे.

आयुष्यात मी एकच बनावट दस्तऐवज तयार केला, तो त्या संध्याकाळी. ‘छताच्या रंगाबाबत पुनर्विचार करण्यात आला.’ कुणी केला हे लिहिलं नाही. सरकारी मराठीची ही सोय आहे.

रविवारी आठ वाजता पांढरं छत वर चढलं. चिठ्ठीतली दुसरी ओळ मी सांगितल्यावर मांडववाल्याने उत्तरेकडची कनातही सोडून टाकली. केशरी कमान तशीच ठेवली, कारण ती हलवायची तर अर्धा दिवस गेला असता. थर्माकोलचं सुस्वागतम् तिच्यावर होतं. मग ऊन आलं, आणि कापडातून गाळून खाली उतरलं. मास्तर मध्यभागी उभे राहून चारी बाजूंनी बघत होते. त्यांनी गुंडाळलेली आठ चित्रं स्वतःच सोडली. आम्ही दोघांनी मिळून ती टांगली.

त्यानंतर जे झालं ते समितीने कधीच ठरवलं नसतं. लोक येऊ लागले. रविवारी घाटावर जाणारी-येणारी माणसं, भाजीबाजारातून पिशव्या घेऊन परतणारी, देवळातून निघालेली. लांबून त्यांना पांढरं छत दिसे. ती थबकत, चपला बाहेर काढत, डोक्यावर पदर घेत आणि हळू आवाजात आत येत. आत कुणी रडत नाही, भिंतींना चित्रं आहेत, हे लक्षात येईपर्यंत ती अर्ध्यात पोचलेली असत. मग एकदम बाहेर पडणं बरं दिसणार नाही म्हणून पुढचीही चित्रं बघत. एकेकासमोर जितका वेळ थांबावं तितका थांबत, कारण अशा ठिकाणी घाई करायची नसते. मी पुढे मुंबईत मोठमोठी प्रदर्शनं पाहिली. चित्रांपुढे इतकी शांत आणि इतका वेळ उभी राहिलेली माणसं कुठे पाहिली नाहीत.

एका आजींनी मास्तरांनाच विचारलं, कोण गेलं. मास्तर म्हणाले, “कुणी नाही. चित्रं लावलीत.”

“बरं झालं बाई,” आजी म्हणाल्या, आणि पाय दुखतात म्हणून थोडा वेळ सतरंजीवर बसल्या.

पण त्या राखी रंगाबद्दल कुणी काही बोललं नाही. सुंदर आहेत म्हणाले, हुबेहूब आहेत म्हणाले. मास्तर प्रत्येक वेळी हात जोडत आणि माणूस पुढे सरकला की पुन्हा पाठीमागे हात बांधून उभे राहत. त्यांनी कुणाला काही दाखवलं नाही, समजावलं नाही. दुपार होत आली. मला वाटू लागलं की कापड बदलून मी माझं मन हलकं केलं आहे, त्यांचं काम झालेलं नाही.

बाराच्या सुमाराला अध्यक्ष आले. कमानीखाली उभे राहून त्यांनी छताकडे पाहिलं, मग बाहेरच्या चपलांच्या ढिगाकडे. आदल्या दिवशी उद्घाटनाला याच्या निम्मीही माणसं नव्हती. सगळ्यांनी काढल्यात म्हणून त्यांनीही बूट काढले आणि मोज्यांवर आत आले. मला बाजूला घेऊन हळू पण स्पष्ट विचारलं, हे कुणी केलं. मी म्हणालो, ठराव आहे. ते म्हणाले, ठराव मी नंतर वाचीन, आधी केशरी चढवा. मांडववाला शेजारीच होता. केशरी धुवायला टाकलंय, तो म्हणाला. वणीच्या यात्रेनंतर राहूनच गेलं होतं.

“मग चित्रं उतरवा,” अध्यक्ष म्हणाले. “प्रदर्शन बंद. गावभर चर्चा आहे, कलामंडळात कोण गेलं म्हणून. मला सकाळपासून चार माणसं भेटायला आली.”

मास्तरांनी ते ऐकलं असावं. त्यांनी मान वर केली नाही.

तेवढ्यात रामकुंडावरचा एक न्हावी आत आला. साठीचा असेल. काखेत धोकटी, खांद्यावर पंचा. पांढरं छत बघून तो कामाच्या आशेने आला होता हे उघड होतं. आत बघून त्याने कोण कर्ता पुरुष वाटतो याचा अंदाज घेतला आणि तो सरळ अध्यक्षांसमोर जाऊन उभा राहिला.

“किती जण बसायचेत?” त्याने विचारलं, आणि अध्यक्षांच्या केसांकडे धंद्याच्या नजरेने पाहिलं. ते काळे कुळकुळीत होते आणि अध्यक्षांना त्यांचा अभिमान होता.

मीच पुढे होऊन सांगितलं की इथे दहावा नाही, घाटाची चित्रं मांडली आहेत.

“असं व्हय,” न्हावी म्हणाला. “आलोच हाय तर बघतो.”

धोकटी सतरंजीवर ठेवून तो पहिल्या चित्रापासून निघाला. हात मागे, मान जरा पुढे. तीन-चार चित्रं त्याने नुसती पाहिली. पाचव्यापुढे थांबला. एक पाऊल मागे आला, पुन्हा पुढे गेला. काचेला न लावता बोट धरलं आणि कुणाला उद्देशून नाही असं म्हणाला, “ही पायरी ओली हाय. वरची सुकलीय, ही नाय. हितं पाय ठेवला का गेला माणूस.”

मास्तर कोपऱ्यातून निघून त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले.

“आणि ही?” त्यांनी पुढच्या चित्राकडे हात केला.

“ही अकराची. ऊन पडून गेलंय. कडंला राहिलीय तेवढीच ओल.” त्याने मान तिरकी केली. “पाणी आताच उतरलेलं दिसतंय. तुम्ही काढलीय?”

“हो.”

“मी रोज तिथंच बसतो. पलीकडच्या बाजूला.”

“ठाऊक आहे,” मास्तर म्हणाले. “तुमची पाठ असते माझ्याकडे.”

अध्यक्षही मोज्यांवर चालत त्या चित्रापाशी आले. आधी लांबून, मग जवळून, मग चष्मा काढून त्यांनी त्या दोन पायऱ्या पाहिल्या. त्यांना काय दिसलं मला माहीत नाही. मी त्यांच्या खांद्यावरून पाहत होतो, आणि वरची पायरी जरा फिकी आहे एवढं मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. दाखवल्यावर दिसलं, म्हणजे ते धरायचं नाही. चित्रं उतरवण्याची गोष्ट अध्यक्षांनी पुन्हा काढली नाही. पुढच्या बैठकीत मी इतिवृत्त वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि खाली सही केली. नंतरच्या वर्षी प्रदर्शन वाचनालयात झालं, ट्यूबलाइटखाली, दुसऱ्या कुणाच्या चित्रांचं. तोपर्यंत मास्तर नागपूरला गेले होते.

पण ते नंतरचं. त्या दुपारी ते दोघे बत्तीसही चित्रांपुढून गेले. न्हावी पायरी सांगे, वेळ सांगे, अमक्या पावसाळ्यात या दगडाची कड निखळली असं सांगे. एका ठिकाणी तो म्हणाला, हे चुकलंय, इथं शेवाळ असतं. मास्तरांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, खरंय, तेव्हा काढायचं राहिलं. चुकीवर बोट ठेवल्यावर इतका खूश झालेला माणूस मी कधी पाहिला नव्हता. मग त्यांनी वळून मला चहा सांगायला पाठवलं, दोन, आणि मी कमानीखालून बाहेर पडलो तेव्हा न्हाव्याची धोकटी तिथेच सतरंजीवर, पांढऱ्या उजेडात, विसरल्यासारखी पडली होती.